कपाळावरचं पाणी

मूल जन्माला आलं की त्याला आपल्यात घ्यायची प्रत्येक समाजाची एक रीत असते. हिंदू घरात बाराव्या दिवशी बारसं होतं, आत्या बाळाच्या कानात कुर्र करते आणि नाव सांगते. आमच्या मुसलमान घरात बाळाच्या उजव्या कानात अजान देतात, सातव्या दिवशी अकीका करतात, जावळ काढतात आणि त्या केसांच्या भाराइतकी चांदी गोरगरिबांना दान देतात. ख्रिस्ती घरात बाप्तिस्मा होतो. मराठी कॅथलिक मंडळी त्याला स्नानसंस्कार असंही म्हणतात.

आज मी अशाच एका स्नानसंस्काराविषयी बोलणार आहे. पिंपरी-चिंचवडमधल्या एका नोकरदार ख्रिस्ती कुटुंबातल्या मुलीचा तो संस्कार. त्यात माझ्यासारख्या, मराठीत कविता लिहिणाऱ्या मुसलमानाचं काय काम, असं आपल्याला वाटेल. काम होतं, आणि ते सांगण्यासारखं आहे. पण आधी हे लोक इथे कसे आले ते सांगतो.

पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ निघालं. भोसरी-पिंपरी-चिंचवडच्या माळांवर शेड उभ्या राहिल्या, टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली. १९८२ मध्ये इथे महानगरपालिका झाली. पुढे कारखाने चाकणकडे सरकले. जे चाकण शाळेच्या पुस्तकात फिरंगोजी नरसाळ्याच्या लढाईमुळे आणि बाजारात कांद्यामुळे माहीत होतं, तिथे मोटारी तयार होऊ लागल्या. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची वस्ती सव्वासतरा लाखांच्या पुढे गेली होती. यातली पुष्कळ माणसं बाहेरून आलेली. कुणी सोलापूरचं, कुणी बीड-लातूरचं, कुणी खानदेशातलं, कुणी केरळ-बिहारचं. इथे सख्खा शेजारी मिळतो, पण सख्खा मामा गावाकडेच राहिलेला असतो.

या गर्दीत नगर जिल्ह्यातले मराठी ख्रिस्ती पुष्कळ आहेत. त्या जिल्ह्याला २०२४ पासून अहिल्यानगर म्हणतात. अमेरिकन मराठी मिशनचं काम तिथे १८३१ साली सुरू झालं. कॅथलिक पंथाचे जेझुइट फादर त्यानंतर आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, १८७६ ते ७८ च्या आणि त्यानंतरच्या दुष्काळांच्या काळात, राहुरी, संगमनेर, नेवासे या भागातल्या महार आणि मांग समाजातल्या अनेक कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांची घरची भाषा मराठी, जेवण भाकरी-कोरड्याचं आणि वर्षाचा मोठा सण म्हणजे नाताळइतकीच श्रीरामपूरजवळच्या हरेगावची सप्टेंबरातली मतमाउलीची यात्रा. तरी शहरात आल्यावर त्यांना हमखास विचारतात, "तुम्ही गोव्याचे का?" मला विचारतात, "तुम्ही मराठी कुठे शिकलात?" आमच्या मैत्रीची सुरुवात या दोन प्रश्नांवर हसण्यातूनच झाली.

हा माझा मित्र आणि मी १९९३ साली भोसरीच्या एका कारखान्यात एकाच महिन्यात लागलो. तो प्रेसवर, मी स्टोअरमध्ये. त्याच्या डब्यात मेथी असली की माझा डबा तो उघडायचा, माझ्या डब्यात शेवयाचा खिमा असला की त्याचा डबा बंदच राहायचा. माझ्या कविता आधी तो ऐकायचा. न कळलेल्या ओळीला तो सरळ "हे कळलं नाही" म्हणायचा, आणि असा श्रोता कवीला फार उपयोगी असतो. एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत तो गेला. मागे त्याची म्हातारी आई, बायको आणि मुलगा. मुलगा चाकणला एका मोटार कारखान्यात पेंट शॉपमध्ये आहे. मला तो चाचा म्हणतो.

त्याला गेल्या वर्षी मुलगी झाली. आठव्या महिन्यातच झाली, वजन फार कमी. अकरा दिवस तिला दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं होतं. बाळंतिणीजवळ वहिनी, म्हणजे पोराची आई, बसायच्या. पोराच्या रजा संपल्या होत्या, थर्ड शिफ्ट चुकवता येत नव्हती. म्हणून रात्री बाहेरच्या बाकावर मी बसायचो. औषध आणायचं असलं तर कुणी तरी पुरुषमाणूस हवं, एवढंच. बाराव्या दिवशी पोरगी घरी आली.

ती तीन महिन्यांची झाली तेव्हा पोरगा माझ्याकडे आला.

"चाचा, पप्पा असते तर त्यांनी तुमचंच नाव घेतलं असतं. तुम्ही हिचे धर्मपिता व्हा."

धर्मपिता आणि धर्ममाता म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या बाजूने उभी राहणारी माणसं. बाळाला बोलता येत नाही, म्हणून श्रद्धेचं वचन आईवडील आणि ही माणसं देतात. पुढे मूल त्या श्रद्धेत वाढावं म्हणून आईवडिलांना साथ देणं हे त्यांचं काम. मी म्हटलं, "बेटा, मला चालेल की नाही ते मी ठरवून काय उपयोग? फादरना विचारू."

आम्ही दोघं गेलो. फादर वयाने माझ्याएवढेच. त्यांनी चहा मागवला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. धर्मपिता किंवा धर्ममाता एकच असली तरी चालते, जास्तीत जास्त दोन, एक पुरुष आणि एक स्त्री. वय साधारण सोळा वर्षं पूर्ण हवं. बाळाचे आईवडील स्वतः ती जागा घेऊ शकत नाहीत. आणि ती व्यक्ती कॅथलिक हवी, दृढीकरणाचा संस्कार झालेली हवी. दुसऱ्या ख्रिस्ती पंथातला, पण बाप्तिस्मा झालेला माणूस कॅथलिक धर्ममातापित्याबरोबर साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो. ज्याचा बाप्तिस्माच झालेला नाही, त्याला ही जागा घेता येत नाही.

पोराचा चेहरा उतरला. मला मात्र यात वाईट वाटण्यासारखं काही दिसलं नाही. ज्या वाटेने मी चालत नाही, त्या वाटेवर बोट धरून न्यायचं वचन मी कसं देणार? आमच्या निकाहात साक्षीदारांना अटी असतातच की. मी तसं फादरना म्हणालो. तेव्हा त्यांनी पोराला दवाखान्याचं विचारलं. त्याने काचेची पेटी, थर्ड शिफ्ट, बाहेरचा बाक असं सगळं सांगितलं. फादर थोडा वेळ गप्प बसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "त्या रात्रींत बाळाची प्रकृती हाताबाहेर गेली असती, आईने बाप्तिस्मा मागितला असता आणि मला पोहोचायला वेळ नसता, तर तिच्या कपाळावर पाणी तुम्ही घालू शकला असता. तो बाप्तिस्मा आम्ही पूर्ण मानला असता. पुन्हा केला नसता."

मला वाटलं, ते माझी समजूत काढताहेत. तसं नव्हतं. त्यांच्या चर्चच्या कायद्यातच ही तरतूद आहे. एरवी बाप्तिस्मा देणारा बिशप, धर्मगुरू किंवा उपगुरू. पण जीव धोक्यात असेल तर कुणीही माणूस तो देऊ शकतो, त्याचा स्वतःचा बाप्तिस्मा झालेला नसला तरीही. पाणी खरं हवं, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने ते घातलेलं हवं, आणि चर्चला या संस्कारातून जे करायचं असतं तेच करण्याचा मनात हेतू हवा. बस्स. नर्स हिंदू असो, डॉक्टर शीख असो, बाकावर बसलेला चाचा मुसलमान असो.

श्रोतेहो, मी घरी आलो तो हेच डोक्यात घेऊन. एकच कायदा मला धर्मपिता होऊ देत नाही आणि वेळ आली तर प्रत्यक्ष संस्कार करू देतो. वरवर पाहिलं तर हे उलटंच वाटतं. पण जरा बसून विचार केला की त्यातलं शहाणपण दिसतं. मूल एका श्रद्धेत वाढवायचं तर त्या श्रद्धेत जगणारं माणूस जवळ हवं. मूल जायला निघालं असेल तर मात्र आधी मुलाची गरज, हात कुणाचा ते नंतर. कुठल्याही धर्माच्या नियमावलीत हा क्रम असा स्पष्ट लिहिलेला सापडला की मला आनंद होतो.

तशी वेळ आली असती तर मी पाणी घातलं असतं का? मी नमाजी माणूस आहे, माझी श्रद्धा माझ्या जागी पक्की आहे. फादरनी सांगितलेला हेतू मनात आणणं मला जमलं असतं की नाही, ते अल्लाह जाणे. पण त्या पोरीच्या आईने रात्री दोन वाजता ओंजळभर पाणी मागितलं असतं, तर मी नाही म्हणालो नसतो. पाणी मागणाऱ्याला नाही म्हणू नये, हे मला लहानपणी घरातच शिकवलं होतं.

धर्मपित्याचा प्रश्न असा मिटला. पोराचा मावसभाऊ आणि सुनेची थोरली बहीण यांची नावं ठरली. आईवडील आणि धर्ममातापिता यांची आधी चर्चमध्ये शिकवणी होते, तीही झाली. पण तारीख काही ठरेना. कारण घरात दुसराच प्रश्न उभा राहिला होता, आणि तो पाण्याचा नव्हता, वहीचा होता.

प्रत्येक कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्म्याची एक नोंदवही असते. बाळाचं नाव, जन्मतारीख, आईवडील, धर्ममातापिता, संस्कार करणारे फादर, ठिकाण, तारीख हे सगळं तिच्यात उतरतं. मूल पुढे कुठेही राहायला गेलं तरी त्याची मूळ नोंद याच वहीत राहते. लग्न ठरलं की इथून दाखला न्यावा लागतो, आणि लग्न झाल्यावर ते कळवलं जाऊन याच नोंदीपुढे लिहिलं जातं. पत्ता दर दोन वर्षांनी बदलणाऱ्या आमच्या या पट्ट्यात ही वही म्हणजे एक न हलणारं गावच म्हणायचं.

पण हीच वही सरकारी कचेरीतही बोलते. १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींविषयीचा आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाप्रमाणे हिंदूशिवाय दुसऱ्या धर्माची व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जात नव्हती. १९५६ मध्ये त्यात शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. दलित ख्रिस्ती बाहेर राहिले, दलित मुसलमानही बाहेर राहिले. २००७ साली रंगनाथ मिश्रा आयोगाने हा दर्जा धर्मापासून वेगळा करण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये केंद्र सरकारने या प्रश्नावर माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. आणि २६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका महिलेचा अनुसूचित जातीच्या दाखल्याचा दावा फेटाळला. आपण हिंदू आहोत असं तिचं म्हणणं होतं. न्यायालयासमोर आलेल्या पुराव्यांत तिच्या तान्हेपणी झालेल्या बाप्तिस्म्याची नोंद होती. ज्या वयात मूल मानही धरत नाही, त्या वयातली एक ओळ तीस-पस्तीस वर्षांनी समोर येऊन उभी राहिली.

पोराला हे कारखान्यातल्या एका मित्राने मोबाइलवर वाचून दाखवलं होतं. घरात बसून चर्चा झाली. मला बोलावलं होतं, मी बहुतेक वेळ ऐकत होतो. सुनेचं म्हणणं असं की, आपली चार एकर जमीन नाही, पोरगी शिकली तर शिकली. दाखल्याची दारं आपल्या हाताने का बंद करायची? नातेवाइकांत अशी घरं होतीच, जिथे भिंतीवर येशूची तसबीर आणि शाळेच्या दाखल्यावर दुसराच धर्म. वहिनी काहीच बोलत नव्हत्या. मी त्या घरांना नावं ठेवणार नाही. पोटाला चिमटा बसला की माणूस कागद सांभाळतो, आणि हा चिमटा त्यांनी स्वतःहून काढलेला नाही. गावात वेस ओलांडली तरी जात मागे येते, वस्ती वेगळी ती वेगळीच राहते. धर्म बदलला म्हणून शेजाऱ्याची नजर बदलत नाही. मग सवलतीलाच धर्म का विचारायचा, हा त्यांचा सवाल आहे आणि तो मला रास्त वाटतो.

शेवटी बोलली ती पणजी. वय अठ्ठ्याहत्तर. "माझं पाणी झालं तवा फादर लॅटिनमधी बोलत व्हते," ती म्हणाली. "माझ्या बापाला एक शबुद कळला नाही. पर गावासमोर उभा राहिला. रातीचं लपूनछपून काय केलं नाही."

पोरगा उठला आणि म्हणाला, "वहीत लिहायचं. पोरीचा पहिलाच कागद खोटा करायचा नाही. बाकीचं भांडून बघू." सून थोडा वेळ गप्प होती. मग तिने फडताळातून पांढरं कापड काढलं आणि झबल्याचं माप घ्यायला लागली.

तारीख रविवारची ठरली. त्यातही गंमत आहे. चर्चचा आग्रह रविवारचा, आणि आमच्या पट्ट्यात पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. पोराच्या बदली त्याचा जोडीदार रविवारी डबल ड्यूटीला उभा राहिला. तो बीडचा, गळ्यात तुळशीची माळ. म्हणजे या संस्काराला एका वारकऱ्याचा घामही लागलेला आहे.

सकाळी मी चर्चला पोहोचलो तर पणजी दारातच. तिने माझ्या हातात स्टीलचा जग दिला. "नळावरून भरून आण आन् त्या परातीत ओत. पाणी आणायला कुनाचा बी हात चालतो, फादरला इचारलंय मी." मी दोन खेपा केल्या. ते पाणी पवनेचं. धरणातून नदीत सुटलेलं, रावेतच्या बंधाऱ्यावर उपसलेलं, निगडीच्या केंद्रात शुद्ध केलेलं, तुमच्या-आमच्या नळाला येतं तेच. शहरात २०१९ च्या नोव्हेंबरात ते दिवसाआड करण्यात आलं. त्याआधी ९ ऑगस्ट २०११ रोजी याच पवनेच्या बंद जलवाहिनीला विरोध करताना मावळात तीन शेतकरी गोळीबारात गेले. इतकं महाग पाणी कुणाच्या कपाळावर घालायचं तर त्याला हात जोडूनच घालायला हवं. फादरनी त्यावर आशीर्वादाची प्रार्थना म्हटली. मी मनातल्या मनात बिस्मिल्लाह म्हटलं.

विधी साधा होता, सगळा मराठीतून. १९६२ ते ६५ मध्ये व्हॅटिकनची दुसरी महासभा झाली आणि त्यानंतर उपासना लोकांच्या भाषेत आली. पणजीच्या बापाला न कळलेला प्रत्येक शब्द आता पणतीच्या आईला कळत होता. दाराशीच फादरनी विचारलं, "बाळाचं नाव काय ठेवलंय?" नाव पणजीचंच. मी ते इथे सांगत नाही. मोठी झाल्यावर तिला रेडिओवर गाजलेलं आवडेल न आवडेल. मग फादरनी, आईवडिलांनी आणि धर्ममातापित्यांनी आळीपाळीने बाळाच्या कपाळावर अंगठ्याने क्रुसाची खूण केली. छातीला तेल लावलं. सैतानाला नकार आणि देवावर विश्वास, अशी प्रश्नोत्तरं झाली. मग तीन वेळा कपाळावर पाणी. पोरगी पहिल्या वेळी दचकली, दुसऱ्या वेळी रडली आणि तिसऱ्या वेळी जिभेने पाणी चाटायला लागली. पणजी मोठ्याने हसली. त्यानंतर टाळूला सुगंधी तेल, अंगावर पांढरं झबलं, आणि पास्काच्या मोठ्या मेणबत्तीवरून लावलेली छोटी मेणबत्ती वडिलांच्या हातात.

शेवटी फादरनी बाळाच्या कानाला आणि ओठांना बोट लावलं आणि प्रार्थना केली. येशूने एका बहिऱ्या-तोतऱ्या माणसाला "एफ्फाथा" म्हणजे "मोकळा हो" म्हटलं होतं, त्याची ती आठवण. बाळाला ऐकू यावं, बोलता यावं. मला एकदम आत्याचं कुर्र आठवलं, अजान आठवली. तीन धर्मांची माणसं बाळाच्या कानापाशीच का वाकतात? माणूस बोलायच्या आधी ऐकतो, म्हणून असेल. आपण त्याच्या कानात जे घालू तेच पुढे त्याच्या तोंडून बाहेर येणार, हे आपल्या पूर्वजांना पक्कं ठाऊक असावं.

बाहेर आल्यावर पोरगा म्हणाला, "चाचा, आमच्या पेंट शॉपमध्ये मोटारीची अख्खी बॉडी टाकीत बुडवतात. तो पहिला थर गंज धरू नये म्हणून. वरून मग लाल मारा, पांढरा मारा. तो आतला थर गिऱ्हाइकाला दिसत नाही, पण सगळी मदार त्याच्यावर." तो सहज बोलला. पण बाप्तिस्मा हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचा अर्थ बुडवणं, आणि त्याच घरातला शब्द कापड रंगवण्यासाठीही वापरत. अरबीत सिब्गा म्हणजे रंग. कुराणात हा शब्द आला आहे आणि अनेक भाष्यकार त्याचा संबंध ख्रिस्ती लोकांच्या याच स्नानाशी जोडतात. चाकणच्या कामगाराने आपल्या कामातून तोच अर्थ काढला. आणि बाप्तिस्मा देणारा योहान म्हणजे आमचे हजरत यह्या, येशूची आई ती आमची बीबी मरियम. त्या पोरीच्या परिवारातली निम्मी नावं माझ्या घरात आधीपासून आहेत.

आणि आपली मराठी? ती या पाण्याजवळ चारशे वर्षं उभी आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि १६१६ साली त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं, तेही ओवीत. त्याच सतराव्या शतकात नगर जिल्ह्यातल्या श्रीगोंद्याचे शेख महंमद ‘योगसंग्राम’ लिहीत होते. म्हणजे मी आणि माझा मित्र मराठीच्या घरात कालचे पाहुणे नव्हतो. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. त्या दिवशी त्यांच्या लहानग्या मनोरमेचाही झाला, आणि महाराष्ट्रात वादळ उठलं. कवी नारायण वामन टिळकांचा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. त्याने त्यांचा संसार मोडल्यासारखा झाला, लक्ष्मीबाई वेगळ्या राहिल्या, आणि पुढे १९०० साली त्यांनी स्वतःही बाप्तिस्मा घेतला. ते दिवस ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी सांगितले आहेत. मराठीत ते पुस्तक न वाचलेला वाचक विरळा.

टिळकांची एक गोष्ट मला या निमित्ताने फार महत्त्वाची वाटते. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. ज्या माणसाने बाप्तिस्म्यासाठी घरदार, जात, माणसं गमावली, त्यानेच पुढे त्या पाण्याची कुणाला आडकाठी होऊ नये असं ठरवलं. टिळक म्हणत की आपण ख्रिस्तापर्यंत आलो ते तुकोबांच्या पुलावरून. त्या तुकोबांचं देहू आमच्या कारखान्यांपासून हाकेच्या अंतरावर आहे. २००९ साली पुण्याचे बिशप झालेले थॉमस डाबरे यांनी डॉक्टरेट केली ती तुकोबांवरच.

दुपारी जेवण घरच्या गच्चीवर, मंडप टाकून. मटण, भाकरी, भात आणि शेवटी केक. मटण वहिनींनी खडकीच्या कुरेशीकडून आणलं होतं. मला कुणी तसं सांगितलं नाही, पिशवीवरचं नाव मी पाहिलं. तो बीडचा जोडीदार ड्यूटी संपवून संध्याकाळी आला. त्याच्यासाठी वांग्याची भाजी वेगळी काढून ठेवली होती. पंगतीत धर्म विचारला नव्हता, पण प्रत्येकाच्या ताटात तो सांभाळला होता.

नोंदवहीत धर्मपिता म्हणून माझं नाव नाही, ते नसणंच बरोबर आहे. पण दर गुरुवारी, बापाला सुट्टी आणि आईला पाणी भरायची घाई असते तेव्हा ती पोरगी तासभर माझ्याकडे असते. रांगते, पुस्तकं ओढते. श्रद्धेचं तिचे धर्ममातापिता बघतील. मराठीचं मी बघतो.

बाप्तिस्म्याचा दाखला पोराने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जन्मदाखल्याबरोबर ठेवला आहे. तो खरा कागद आहे. त्या घराने तो खरा ठेवायचं ठरवलं, आणि त्यासाठी आईला मनावर दगड ठेवावा लागला. तिची मुलगी अठरा वर्षांची होईल, कुठल्या तरी खिडकीपाशी उभी राहील आणि पलीकडून कुणी तरी धर्म विचारील. तेव्हा खरं उत्तर दिल्याबद्दल तिला काही गमवावं लागू नये, एवढं बघायचं आहे. हे काम धर्मपित्याचं एकट्याचं नाही. त्या दिवशी तिच्या ताटाला ताट लावून जेवलेल्या आम्हा सगळ्यांचं आहे आणि हे ऐकणाऱ्या तुमचंही आहे.